गिरडच्या टेकडीवरचे दगड काय सांगतात?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुस्लिम दोघेही येथे दर्शनाला येतात. टेकडीवर विखुरलेल्या गोल दगडांबद्दल मात्र दोन उत्तरे मिळतात.

भूशास्त्र सांगते, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पाण्यातून आलेली खनिजे साठली, हेच झिओलाइट. भोवतालचा काळा दगड झिजतो, गाठी उरतात.

आख्यायिका वेगळी आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्याजवळच्या नारळांचे, मालाचे दगड झाले. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही ही कथा नोंदलेली आहे.

फकिराला हसणाऱ्याला शिक्षा, एवढ्यावर अशा गोष्टी सहसा थांबतात. ही थांबत नाही, म्हणून ती लक्षात राहते. व्यापाऱ्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. तो हाती आल्यावरही दोघे बाजाराला गेले नाहीत. मरेपर्यंत बाबांच्याच सेवेत राहिले, असे कथा म्हणते.