एमजीचं हेड उघडण्याआधी

मे महिन्यातली दुपार होती. गुरुग्रामला राहणारे माझे एक स्नेही आपली साठच्या दशकातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार सर्व्हिसिंग करून घरी नेत होते. दिल्लीत धौला कुआँला रहदारी तुंबली आणि गाडी बराच वेळ जागच्या जागी उभी राहिली. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला, तरी ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून ते तसेच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी रेडिएटरमधलं पाणी उतरलेलं होतं आणि गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत होता. एका गॅरेजने नवं हेड गॅस्केट टाकून चार दिवसांत गाडी परत दिली. दोन महिन्यांच्या आत तेच दुखणं पुन्हा उपटलं.

दुसऱ्यांदा हेड उघडलं तेव्हा मी तिथे होतो. काम एका वयस्कर मिस्त्रींकडे होतं. त्यांचं आयुष्य अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलं होतं, आणि सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. त्यांनी हेडला हात लावण्याआधी रेडिएटर उतरवला. त्याच्या निम्म्याअधिक नळ्या क्षाराने बंद झालेल्या होत्या.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज इथेच आहे: गॅस्केट गेलं, तर नवं टाकलं की काम झालं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या या पातळ पत्र्याला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात. सिलिंडरमधल्या जळत्या वायूचा दाब, इंजिनाभोवती फिरणारं पाणी आणि दाबाखालचं ऑइल. ते सहसा आपणहून मरत नाही. इंजिन तापतं, हेड वाकतं, बोल्टांची पकड एखाद्या ठिकाणी सैल होते आणि मग तिथून वायू वाट काढतो. इंजिन का तापलं, हे न शोधता गॅस्केट बदलणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून भिंतीला रंग देणं. रेडिएटर, वॉटर पंप, होज पाइप, पंख्याचा पट्टा, रेडिएटरची कॅप, इग्निशन टायमिंग या सगळ्यांची झडती हेडच्या कामाचाच भाग आहे.

कॅपचं महत्त्व तर फार थोड्यांना ठाऊक असतं. दर चौरस इंचाला १० पौंडांचा दाब धरणारी कॅप असेल तर पाणी १०० ऐवजी साधारण ११५ अंशांना उकळतं. कॅपचं रबर वाळलं की ही सगळी सवलत जाते, आणि बाहेर ४४–४५ अंशांचं ऊन असताना तीच सवलत जीव वाचवणारी असते.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला, नळाचं पाणी पुरे’ हे वाक्य मी नोएडापासून फरिदाबादपर्यंत ऐकलं आहे. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही. तो उकळबिंदू वाढवतो आणि आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. एनसीआरमध्ये पुष्कळ ठिकाणी बोअरवेलचं पाणी जड आहे. बादलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये बसतो. म्हणून कूलंट हवाच, आणि तो डिस्टिल्ड पाण्यात मिसळा.

याचाच भाऊ शोभेल असा उन्हाळ्यातला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ठीक चालणारा थर्मोस्टॅट इंजिन गरम झाल्यावर पूर्ण उघडलेलाच असतो. तेव्हा तो काढून तापणारं इंजिन थंड होत नाही, फक्त खरं कारण झाकलं जातं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत इंजिन नीट गरमच होत नाही, ऑइलमध्ये ओल साठते आणि गाळ धरतो. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, भोक मोकळं ठेवू नये.

दिल्लीच्या थंडीत आणखी एक घबराट पसरते. सकाळी गाडी सुरू केली, सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली की ‘गॅस्केट उडालं’. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर. थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसते आणि पाच-दहा मिनिटांत नाहीशी होते. ऑइलच्या झाकणाखाली साचलेला दुधाळ साकाही थंडीतल्या छोट्या फेऱ्यांमुळे येऊ शकतो. काळजी केव्हा करायची? गाडी पूर्ण गरम झाल्यावरही धूर गोडसर वासाचा असेल, पाणी बाहेर न गळता कमी होत असेल, डिपस्टिकवरचं ऑइल दुधी झालं असेल, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरचा होज दगडासारखा ताठ होत असेल. तेव्हाही आधी कॉम्प्रेशन मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी दाब आला, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाल्याची ती ठळक खूण असते. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं रसायनही मिळतं. जळलेला वायू पाण्यात मिसळत असेल तर त्याचा निळा रंग पिवळा होतो.

आता बोल्ट. या एका गोष्टीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण जोराने आवळणं म्हणजे पक्कं काम, ही समजूत आपल्याकडे हाडात भिनलेली आहे.

हेडचा बोल्ट ही खरं तर एक स्प्रिंग आहे. आवळताना तो केसभर ताणला जातो आणि परत आखूड होण्याच्या ओढीने हेड दाबून धरतो. पण आपण पान्याला लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा भाग या ताणात जातो. उरलेला बोल्टच्या माथ्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. आटे गंजलेले असतील तर टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवेल आणि बोल्ट मात्र ढिलाच असेल. म्हणून आटे साफ करणं, आणि मॅन्युअल सांगेल तिथे ऑइलचा हलका हात देणं, हे नवं गॅस्केट आणण्याइतकंच महत्त्वाचं. ज्या इंजिनांत बोल्ट तळ बंद असलेल्या भोकात जातो, तिथे त्या भोकात साचलेलं पाणी किंवा ऑइल काढल्याशिवाय बोल्ट आवळू नये. द्रव दबत नाही, ब्लॉक तडकतो.

एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात हेडवर ११ नट आहेत आणि त्यांचा टॉर्क ४५ ते ५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ६१ ते ६८ न्यूटन-मीटर. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, आणि एका दमात नव्हे तर टप्प्याटप्प्याने. यापेक्षा जास्त आवळलं तर स्टड ताणून निकामी होतो किंवा ब्लॉकमधले आटे उचलले जातात. या अकरांपैकी चार नट रॉकर शाफ्टचे आधारही धरून ठेवतात. नुसता रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी अकराही नट सैल करावे लागतात, नाहीतर हेड वाकण्याचा धोका असतो. स्नेह्यांच्या गाडीत पूर्वी कोणीतरी चारच काढले असावेत, असा उस्तादजींचा तर्क होता.

‘हेड बोल्ट नेहमी नवेच हवेत’ आणि ‘लोखंड ते लोखंड, जुनेच लावा’ या दोन्ही टोकाच्या गोष्टी चूक. एमजीसारख्या जुन्या इंजिनांत स्टड आणि नट आहेत. ते लवचीक मर्यादेत ताणले जातात, त्यामुळे आटे शाबूत आणि स्टड सरळ असेल तर पुन्हा वापरता येतात. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत मात्र बोल्ट थोड्या टॉर्कवर आवळून मग ठरावीक अंशांत फिरवायचे असतात. ते मुद्दाम इतके ताणले जातात की पुन्हा मूळ लांबीवर येत नाहीत. असे बोल्ट बहुतेक कंपन्या एकदाच वापरायला सांगतात, काही कंपन्या लांबी मोजून परवानगी देतात. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी कुणाकडे असेल, तर तिच्यात रेनोचं ११४९ सीसी इंजिन आहे. तिला एमजीचा नियम लावू नका, रेनोचं मॅन्युअल पाहा.

‘अ‍ॅम्बॅसिडरचं गॅस्केट बसतं’ हे दिल्लीतलं जुनं ज्ञान अर्धं खरं आहे. अ‍ॅम्बॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीची इंजिनं ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच बी-सिरीज घराण्यातली. म्हणूनच अ‍ॅम्बॅसिडरच्या मिस्त्रींचा हात एमजीवर इतका सहज चालतो. सुरुवातीच्या एमजीएचा बोअर अ‍ॅम्बॅसिडरइतकाच, सुमारे ७३ मिलिमीटर. एमजीबीचा ८०.२६. लहान बोअरचं गॅस्केट एमजीबीवर लावलं तर त्याची कडा सिलिंडरच्या आत येईल आणि आगीत जळेल. काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात जाताना घराण्याचं नाव सांगू नका, बोअरचं माप सांगा.

हेडला फेस मारण्याविषयीही, म्हणजे ते घासून सपाट करण्याविषयीही, असंच. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून आधी मोजा. वाकलं नसेल तर फुकट धातू काढू नये. दर वेळी थोडं काढलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि एक दिवस हेडमध्ये काढण्याजोगं काही उरत नाही. बी-सिरीजचं हेड बिडाचं आहे, तापलं की व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये त्याला तडा जाऊ शकतो. तडा गेलेलं हेड कितीही सपाट केलं तरी पाणी गिळतच राहील. म्हणून लेथवाल्याकडे नेलंत तर प्रेशर टेस्ट आधी मागा. आणि गॅस्केटला दोन्ही बाजूंनी शेलॅक किंवा सिलिकॉन फासू देऊ नका. गॅस्केट बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेवढंच. जास्तीचं सिलिकॉन सुटून पाण्याच्या वाटा बुजवतं.

शेवटची समजूत कायद्याची. एनसीआरमध्ये १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, मग एवढी मेहनत कशाला, असं लोक विचारतात. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली दुचाकी वा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, अशाच कामांसाठी. पण अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. मूळ ब्लॉक आणि हेड वाचवण्याला त्यामुळे नुसती हौस नव्हे, कागदोपत्रीही किंमत आहे. १९६४ पासून दिल्लीत भरणाऱ्या स्टेट्समन वृत्तपत्राच्या विंटेज रॅलीतही मूळ भागांना मान असतो.

त्या एमजीबीचा रेडिएटर नव्याने बांधला, हेड तपासलं, दोन स्टड बदलले. संयुक्त (कॉम्पोझिट) गॅस्केट असल्याने आठशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर नट पुन्हा टॉर्कला आणले आणि टॅपेट तपासले. दोन उन्हाळे गेले, पाणी उतरलेलं नाही.

तुमच्या गाडीचं हेड उघडलं, तर जुनं गॅस्केट भंगारात जाऊ देऊ नका. घरी आणा, उजेडात धरा. ते कुठे जळलंय, कुठे गंजलंय आणि कुठे नीट दाबलंच गेलं नव्हतं, हे स्पष्ट दिसतं. ते पाहून मगच मिस्त्रींना नवं बसवायला सांगा.