टॅब बंद केला म्हणजे सॉफ्टवेअर बंद झालं असं नाही!

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा लिनक्स कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप सिंकथिंगने जोडला. मध्ये फाईल साठवणारा कुठला सर्व्हर नाही, दोन मशीन एकमेकांशी बोलतात. यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात. आज बघू, ते हवं तेव्हा थांबवायचं कसं.

आधी माझी चूक सांगतो. एकदा दुकानातलं इंटरनेट गेलं, म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बिलिंग चालू ठेवलं. डेटा वाचावा म्हणून सिंकथिंगचा टॅब बंद केला आणि निश्चिंत झालो. दुपारपर्यंत दिवसाचा सगळा डेटा संपला! काउंटरवर गिऱ्हाईक उभं, पैसे आले की नाही ते फोनवर दिसेना. सिंकथिंग मागच्या मागे मालाचे फोटो घरी पाठवत बसलं होतं.

असं का झालं? ब्राउझरमध्ये दिसतं ते फक्त काउंटर. खरं काम गोडाऊनमध्ये चालतं. काउंटरचं शटर ओढलं तरी गोडाऊनमधला माणूस माल पाठवतच राहतो. या मागे चालणाऱ्या कामाला सर्व्हिस म्हणतात, आणि लिनक्सवर तिला सांभाळणारा मॅनेजर म्हणजे सिस्टमडी. त्याच्याशी बोलायची कमांड सिस्टमसीटीएल. (कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या, स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे.)

१. आत्ता चालू आहे का?
सिस्टमसीटीएल --यूजर स्टेटस सिंकथिंग
'ॲक्टिव्ह (रनिंग)' दिसलं तर चालू. इथे बरेच जण सवयीने पुढे सुडो लावतात आणि --यूजर विसरतात. मग सर्व्हिस सापडत नाही असं उत्तर येतं. कारण आपण ती आपल्या लॉगिनखाली बसवली आहे, संपूर्ण सिस्टमसाठी नाही.

२. आत्ता थांबवायची आहे?
त्याच कमांडमध्ये स्टेटसच्या जागी स्टॉप. पुन्हा सुरू करायला स्टार्ट. सेटिंग बदलल्यावर रीस्टार्ट.

३. आपोआप सुरू व्हायला नको?
त्यासाठी डिसेबल. पण नीट लक्षात घ्या: स्टॉप केलं तरी पुढच्या लॉगिनला ती परत सुरू होऊ शकते. आणि नुसतं डिसेबल केलं तर आत्ता चालू असलेली चालूच राहते. दोन्ही एकदम हवं असेल तर डिसेबल --नाऊ. उलट करायचं असेल तर इनेबल --नाऊ.

४. ती काय करतेय?
जर्नलसीटीएल --यूजर -यू सिंकथिंग -एफ
ही तिची रोजनिशी. शेवटच्या -एफमुळे नवीन नोंदी समोर येत राहतात. बाहेर पडायला कंट्रोल-सी. सर्व्हिस मात्र चालूच राहते, घाबरू नका.

काही जण थेट 'किल -९' मारतात. तसं करू नका. सिंकथिंगच्या सर्व्हिस फाईलमध्ये 'बिघडली तर परत उठव' अशी सूचना असते. मॅनेजरला वाटतं नोकर चक्कर येऊन पडला, तो लगेच त्याला उभा करतो! स्टॉप म्हणजे मालकाने दिलेली सुट्टी, ती मॅनेजर मानतो.

थांबवल्याने डेटा जातो का? नाही. पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही मशीन हिशेब जुळवतात आणि फाईलचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतात. एक धोका मात्र आहे. सिंकथिंग बंद असताना तीच फाईल दुकानातही बदलली आणि घरीही बदलली, तर नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असलेली दुसरी कॉपी तयार होते. मग खरा हिशेब कुठला, हे तुम्हालाच बसून शोधावं लागतं. म्हणून नियम एकच: सर्व्हिस बंद असेपर्यंत एकाच मशीनवर काम.

मी आता असं करतो: हॉटस्पॉट लावायच्या आधी स्टॉप, ब्रॉडबँड आलं की स्टार्ट, आणि दोन्ही वेळा स्टेटस बघतो. स्टेटस बघितल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. गल्ला मोजल्याशिवाय आपण शटर ओढतो का?

आज दुकान बंद करायच्या आधी एकदा टॅब बंद करा आणि स्टेटस टाका. काय दिसतं ते स्वतःच बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!