जुने यंत्र घेताना

बैल घ्यायचा असला म्हणजे आपण बाजारात जातो. नुसते रंगरूप पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो. चालवून पाहतो. मानेवर जू ठेवून पाहतो. पण त्याच्याही आधी एक गोष्ट घरीच ठरलेली असते. आपली जमीन किती, आणि बैलाला काम किती? कारखान्यातले जुने यंत्र घेतानाही हाच क्रम ठेवावा.

मीरा रोडला आमच्या ओळखीच्या दोघा भावांचा गाळा आहे. यंत्रांचे सुटे भाग ते बनवतात. त्यांच्याकडे एक लेथ आणि हाताने चालवायचे एक मिलिंग मशीन आहे. बारीक कामे मात्र बाहेरून करून घ्यावी लागतात. एके दिवशी धाकटा भाऊ धावत आला.

"दादा, जुनं सीएनसी मिलिंग मिळतंय. नऊ लाख म्हणतात. नवं घ्यायचं तर दुप्पट-तिप्पट पडेल."

"आणि पैसे?" थोरल्याने विचारले.

धाकटा गप्प बसला. वहिनी म्हणाल्या, "माझे दागिने ठेवू गहाण. थोडं कर्ज काढू. पण आधी मला समजावून सांगा, हे यंत्र करतं काय?"

यंत्र करते काय?

लेथवर जॉब गरगर फिरतो आणि हत्यार त्याला कापत जाते. मिलिंगमध्ये उलटे. तेथे कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब त्याच्याखाली सरकतो. साध्या यंत्रावर कारागीर हँडल फिरवून टेबल सरकवतो. सीएनसी यंत्रावर हे काम मोटारी करतात. त्यांना हुकूम देतो कंट्रोलर. हुकूम अक्षरांत आणि आकड्यांत लिहितात. 'जी ०१' म्हणजे सरळ रेषेत काप. 'एम ०३' म्हणजे स्पिंडल फिरव. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग मशीन चालवून दाखवले. तेव्हा हुकूम भोके पाडलेल्या कागदी फितीवर असत. आता ते कंट्रोलरच्या स्मरणात असतात.

हुकूम बरोबर असला तर शंभर जॉब एकसारखे निघतात. पण हुकूम पाळणारे स्क्रू आणि बेअरिंग लोखंडाचेच. ते झिजतात. जुन्या यंत्रात खरी परीक्षा त्यांची.

आधी वही, मग यंत्र

वहिनी दोन वर्षे रात्रीच्या वर्गाला जात होत्या. त्यांनी वही काढली. वर्षभरात बाहेर किती तासांचे काम करून घेतले, ते बिलांवरून मांडले. बेरीज आली ७२० तास. म्हणजे महिन्याला ६० तास. तासाला ५०० रुपये दर. महिन्याला ३०,००० रुपये बाहेर जात होते.

मग यंत्राचा खर्च मांडला. किंमत ९ लाख. क्रेन, ट्रक, वायरिंग, कटर, व्हाइस आणि किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी ३ लाख. एकूण १२ लाख. त्याचा हप्ता महिन्याला २७,०००. ऑपरेटरचा पगार २५,०००. वीज, तेल आणि कटर १२,०००. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ६,०००. बेरीज ७०,००० रुपये.

७०,००० ला ५०० ने भागले. आले १४० तास. महिन्याला १४० तास काम असेल तर खर्च जेमतेम निघेल. हाती काम ६० तासांचे. उरलेले ८० तास कोठून आणायचे?

धाकटा म्हणाला, "यंत्र आलं की काम येईल." थोरला म्हणाला, "हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून येईल."

तरी यंत्र पाहून तरी येऊ, असे ठरले. आम्हीही बरोबर गेलो.

पाहायचे काय?

यंत्र थंड असताना पाहावे. 'आम्ही येईपर्यंत चालू करू नका,' असे आधीच सांगावे. गेल्याबरोबर स्पिंडलला हात लावावा. गरम लागला तर कोणीतरी ते आधीच चालवून ठेवले आहे. थंडपणीचा आवाज मग ऐकू येत नाही.

स्पिंडल आधी हळू, मग पूर्ण वेगाने अर्धा तास चालवावा. घरघर झाली किंवा हात ठेववेना इतका तापला, तर बेअरिंग गेले समजावे. हा खर्च मोठा असतो.

मग डायल गेज लावावा. टेबल एका बाजूला सरकवून परत आणावे. ते नेमके पहिल्या जागी येते का पाहावे. हे टेबलाच्या टोकाला पाहावे आणि मध्येही पाहावे. बहुतेक जॉब मध्येच बांधतात, म्हणून स्क्रू मध्येच जास्त झिजतो. येथे हिशेब मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

शेवटी एक गोल कापायला सांगावे. टेबल जेथे दिशा बदलते अशा चार जागा गोलावर असतात. स्क्रू सैल असेल तर त्या चार जागी खूण उमटते. आम्ही पाहिलेल्या गोलावर दोन खुणा बोटाला लागत होत्या.

विजेचे कपाटही उघडून पाहावे. मीरा-भाईंदरला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खारी हवा लोखंड खाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत जिकडेतिकडे पाणी शिरले होते. पाण्यात उभे राहिलेले यंत्र रंग लावून नवे दिसते. पण कपाटाच्या तळाशी गाळ आणि गंजके स्क्रू राहतात. आम्हाला तेथे गाळाची रेघ दिसली.

कंट्रोलरच्या बॅटरीबद्दलही विचारावे. जुन्या कंट्रोलरमध्ये ती संपली तर यंत्राच्या मांडणीचे आकडे पुसले जातात. त्यांची नक्कल मागून घ्यावी. काही जपानी यंत्रे जागची हलवली की आपोआप बंद पडतात. कंपनीने परवानगीचा आकडा दिल्याशिवाय चालत नाहीत. ते आधीच विचारावे.

कागद तितकेच महत्त्वाचे. यंत्रावर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र हवे. पक्के बिल हवे. आणि आपला गाळा? असे यंत्र चार-पाच टनांचे असते. वरच्या मजल्यावर ते चढवण्याआधी इंजिनियरला दाखवावे.

काय ठरले?

भावांनी ते यंत्र घेतले नाही. धाकटा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी त्याच्यापुढे वही ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, ऐंशी तास शोधून आणा. दागिने कपाटातच आहेत."

तो कामाला लागला. रोज दोन कारखान्यांत जाऊ लागला. नवे काम मिळाले की बाहेरून करून घेतो आणि तास वहीत लिहितो. मागच्या महिन्याची बेरीज ९५ झाली. १४० झाली की आम्ही पुन्हा यंत्र पाहायला जाणार आहोत. डायल गेज बरोबर असेलच. वहीही असेल.