बर्फावरील नर्तकी : लुदमिला पाखोमोवा

बर्फावरचे नृत्य म्हणजे सर्कशीतला एखादा खेळ असावा, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. तो दूर केल्यावाचून लुदमिला पाखोमोवा या रशियन स्त्रीचे मोठेपण ध्यानात यावयाचे नाही; म्हणून प्रथम त्या कलेविषयी थोडे सांगतो.

बुटाखाली पोलादी पाते बसविलेले असते. त्याच्या तळाशी लांब, उथळ खाच असल्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन धारा होतात. नर्तक शरीर कलते करून यांपैकी एकाच धारेवर तोल धरतो आणि बर्फावर वळणदार रेघ उमटते. जोडीच्या दुसऱ्या एका प्रकारात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. नृत्यात ते वर्ज्य. टाळ्या घेण्याच्या युक्त्या अशा काढून घेतल्यावर उरतात ते पाय, ताल आणि दोघांमधले अंतर. तानांची आतषबाजी न करता नुसत्या विलंबितावर मैफल जिंकावी, तसलाच हा प्रकार!

जागतिक स्पर्धांत हे नृत्य 1952 साली आले व त्यावर इंग्रजांचा शिक्का बसला. दिवाणखान्यातील वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट : नेटके, अदबशीर आणि आम्हास विचाराल तर काहीसे कोरडे.

पाखोमोवा 1946 साली मॉस्कोत जन्मली. व्हिक्टर रिझ्किन यांच्याबरोबर ती तीनदा सोव्हिएत विजेती झाली होती. असे असता 1966 साली तिने अलेक्सांद्र गोर्श्कोव्ह या फारसे नाव नसलेल्या तरुणाला जोडीदार निवडले. शिक्षिका येलेना चायकोव्हस्काया हीही तरुणच. या तिघांनी नाट्य बर्फावर आणले. पाखोमोवाने मॉस्कोच्या नाट्यसंस्थेत शिक्षण घेतले होते. त्यामुळे तिचा चेहरा, मान, बोटे हीसुद्धा पायांबरोबर बोलत. 1969 साली दुसरा क्रमांक, 1970 साली जगज्जेतेपद आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह. पुढे 1974 पर्यंत ते पद कोणी हिरावून घेतले नाही.

1974 साली त्यांनी चायकोव्हस्कायासह एक टँगो रचला. ‘टँगो रोमँटिका’ या नावाने तो स्पर्धेतील सक्तीच्या नृत्यांत गेला. म्हणजे कालपर्यंत ज्यांचे नियम गिरवावयाचे, त्या इंग्रजांनाही आता रशियन जोडीची पावले गिरवणे प्राप्त झाले.

1975 साली युरोपीय स्पर्धा जिंकल्यावर मात्र गोर्श्कोव्हच्या फुप्फुसाचा गंभीर विकार निघाला. शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. दम हाच ज्याचा आधार, त्या कलेत याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. तरीही फेब्रुवारी 1976 मध्ये इन्सब्रुक येथे, जेव्हा ऑलिंपिकमध्ये या नृत्याला प्रथमच पदके ठेवली गेली, तेव्हा सुवर्णपदक याच जोडीने नेले. त्याच वर्षी सहावे जगज्जेतेपदही मिळाले.

स्पर्धा सोडल्यावर, 1977 साली तिला मुलगी झाली आणि ती शिकवू लागली. पुढे लसीका-ग्रंथींच्या कर्करोगाने तिला गाठले. दुखणे अंगावर घेऊन ती शिष्यांसाठी बर्फाच्या कडेला उभी राहत असे. 17 मे 1986 रोजी ती गेली. वय अवघे 39. गोर्श्कोव्ह 2010 पासून 2022 मध्ये निधन होईपर्यंत रशियाच्या स्केटिंग महासंघाचे अध्यक्ष होते.

तिच्या शिष्यांपैकी इगोर श्पिलबांद 1983 साली कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. पुढे तो अमेरिकेत शिक्षक झाला. 2010 च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये या नृत्याचे सुवर्णपदक कॅनडाच्या व रौप्यपदक अमेरिकेच्या जोडीला मिळाले. त्या दोन्ही जोड्या त्याच्या व मरिना झुएवाच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या.