स्मृतीचे उद्बोधक : गीत आणि वस्तू

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त स्मृतिजागृतीचे दोन प्रसंग आहेत. पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत व्याकुळ होतो; परंतु ही व्याकुळता कोणाच्या विरहाची, हे त्याला उमगत नाही. पुढे मुद्रिका दृष्टीस पडते आणि शकुंतलेचा सारा वृत्तांत त्याला आठवतो. नाटकात याचे कारण दुर्वासाचा शाप हे आहे. तथापि मानसशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक महत्त्वाचा भेद दिसतो. गीताने केवळ भाव जागा केला, वस्तूने घटना जागी केली. स्मृतीची ही दोन अंगे एकाच वेळी जागी होतातच असे नाही.

नैयायिकांच्या मते अनुभवाचा संस्कार सुप्तावस्थेत राहतो आणि उद्बोधक लाभला म्हणजे त्यातून स्मृती उपजते. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा निमित्तांची गणना असून तीत अभ्यास, सादृश्य, संबंध, वियोग, सुख, दुःख, भय इत्यादींचा समावेश आहे. म्हणजे स्मृती वस्तूत साठविलेली नसते; वस्तू हे तिचे निमित्त होय.

१९७३ साली एंडेल टल्व्हिंग व डोनाल्ड टॉमसन यांनी प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, जी खूण मूळ अनुभवाच्या वेळी त्याच्याशी निगडित झालेली असते, तीच पुढे स्मरणास साहाय्यक ठरते. गॉडन व बॅडली यांच्या १९७५ च्या प्रयोगात पाणबुड्यांना पाण्याखाली पाठ केलेले शब्द किनाऱ्यापेक्षा पाण्याखालीच अधिक आठवले.

यावरून एक नित्याचा अनुभव उलगडतो. रोजच्या वापरातला अडकित्ता असंख्य प्रसंगांशी जोडला जातो. त्यामुळे तो कोणताच एक प्रसंग ठळकपणे जागा करीत नाही. तोच आजीच्या पश्चात पेटीत पडून राहिला आणि वीस वर्षांनी हाती आला, तर आजी, तिची बैठक व ती दुपार समोर उभी राहते. एखाद्या काळात पुन्हा पुन्हा ऐकलेले व नंतर कानी न पडलेले गाणे असाच त्या काळाशी बांधलेले राहते.

मात्र स्मृतीचा ठळकपणा म्हणजे तिची सत्यता नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' अवकाशयानाचा स्फोट झाला. ती वार्ता आपणांस कशी कळली, हे काही अमेरिकन विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून दिले होते. सुमारे अडीच वर्षांनंतर त्यांना तेच पुन्हा विचारले असता अनेकांनी निराळीच हकीकत, तीही पूर्ण विश्वासाने, सांगितली. नायसर व हार्श यांचे हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आठवणींच्या आधारे चरित्र वा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या संशोधकाने म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात : उद्बोधक कोणता, भाव कोणता आणि घटना कोणती. भावाविषयी सांगणाऱ्याचा शब्द बहुधा पुरेसा असतो. घटनेला मात्र स्वतंत्र पुरावा हवा. वृद्धाच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. त्याने सांगितलेली तारीख तपासावीच लागते.