विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा विझला, पण बिघाड गेला का?

समजा, सुरत पासिंगची २०१४ ची पेट्रोल कार धुळ्यात सौदा करून तुम्ही जळगावला आणली. आठवड्याभरात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमधला स्कॅनर ‘पी०४२०’ हा कोड दाखवतो. म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर पुरेसा स्वच्छ करत नाही. नवा कन्व्हर्टर महाग असतो. मग एक स्वस्त तोड पुढे येते : ‘याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा ईसीएम टाकू, दिवा पुन्हा लागणार नाही.’ आणि तो खरेच लागत नाही.

एकाच मॉडेलला दोन संगणक कसे?

ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी कधी पाडायची हे तो सेन्सरांकडून माहिती घेऊन ठरवतो. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ मानक आधी १३ मोठ्या शहरांत लागू झाले. मुंबई, पुणे, सोलापूर आणि आपल्या शेजारचे सुरत त्यात होते. धुळे, जळगाव नव्हते. पुढे टप्प्याटप्प्याने शहरे वाढली आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ सक्तीचे झाले. तोपर्यंत यादीबाहेरच्या भागात कंपन्यांना बीएस-३ गाड्या विकायची मुभा होती. त्यामुळे दिसायला सारख्या दोन गाड्यांच्या आत वेगवेगळे ईसीएम असू शकतात, आणि भंगारात दोन्ही मिळतात.

‘ओबीडी’चा यात काय संबंध?

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करायची व्यवस्था. बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. ओबीडी-१ मुख्यतः वायर तुटली आहे का, सेन्सर बंद आहे का, एवढेच पाहते. ओबीडी-२ त्यापुढे जाते. इंजिन मिसफायर होते का, ऑक्सिजन सेन्सर मंदावला का, कन्व्हर्टर धूर खरोखर साफ करतो का, हेही ते तपासते. त्यासाठी कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. दोघांचे आकडे सारखेच नाचू लागले, की कन्व्हर्टर संपला असे संगणक समजतो.

जुन्या ईसीएमला मागचा सेन्सर माहीतच नसतो. त्याची वायर तशीच लोंबत राहते. तपासणारा गेला म्हणून तक्रार थांबली. कन्व्हर्टर होता तसाच निकामी आहे.

ही युक्ती आली कुठून?

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचे झाले. तिथल्या हौशी लोकांनी १९९६ नंतरच्या होंडा सिविकमध्ये १९९२ ते ९५ च्या सिविकचा ओबीडी-१ संगणक बसवायला सुरुवात केली. त्या जुन्या संगणकातली चिप बदलून इंजिनाची ताकद हवी तशी साधता येत असे. म्हणजे त्यांचा हेतू शर्यतीचा होता. आपल्याकडे हेतू दिवा विझवण्याचा आहे. हौस परवडते, हे झाकणे परवडत नाही.

नुकसान काय होते?

कन्व्हर्टर बहुतेकदा आपणहून मरत नाही. खराब स्पार्क प्लग, कमजोर कॉइल, नीट न जुळवलेले सीएनजी किट यामुळे मिसफायर होतो आणि न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. आतली जाळी वितळते, पुढे धुराचा रस्ताच तुंबतो. पिकअप जातो, ॲव्हरेज घसरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना असा तापलेला कन्व्हर्टर घेऊन बांधावरच्या वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणे म्हणजे आगीला आमंत्रण. मूळ संगणकाने मिसफायरची सूचना आधीच दिली असती.

चावीचाही घोळ असतो. इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीची चिप आणि ईसीएम एकमेकांशी जोडलेले असतात, म्हणून जुन्या गाडीचा अख्खा ‘सेट’ घ्यावा लागतो. कॉमन रेल डिझेल गाड्यांत तर इंजेक्टरचे कोड ईसीएममध्ये नोंदवलेले असतात. दुसऱ्याचा ईसीएम टाकला की गाडी खडखडते, धूर ओकते.

पीयूसीत पकडले जात नाही?

सहसा नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीच्या धुरातले वायू मोजतात, डिझेलच्या धुराची घनता पाहतात. संगणक कोणी वाचत नाही. ही पळवाट टिकून आहे ती त्यामुळेच. कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कलम १८२-अ(४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. शिक्षा मालकाला आहे, हे लक्षात घ्या. आधीच्या मालकाने काय केले ते सिद्ध करत बसण्याची वेळ तुमच्यावर येते.

जुनी गाडी घेताना कसे ओळखाल?

इंजिन चालू न करता चावी ‘ऑन’ करा. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर काहीतरी लपवले आहे. आरसीवर बीएस-४ आहे का ते पाहा. मग हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावून मोबाइलवर ॲप उघडा. कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, ते पाच मिनिटांपूर्वी पुसलेले असू शकतात. ‘रेडिनेस’चे पान पाहा. बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. कॅटॅलिस्टची चाचणी यादीतच नसेल आणि गाडी एप्रिल २०१३ नंतरची बीएस-४ असेल, तर ईसीएम बदलल्याचा दाट संशय घ्या. ॲपने चेसिस नंबर दाखवला, तर तो आरसीशी ताडून पाहा. काही गाड्या तो दाखवत नाहीत. सौद्याचे बोलणे त्यानंतर.