उसातले दोन वटवटे

शिरोळ तालुक्यात उसाच्या फडाच्या बांधावर सकाळी थोडा वेळ स्तब्ध उभे राहा. चिमणीहून लहान, लांब शेपटी वर उचलून हलवणारा आणि सतत कलकलाट करणारा एक पक्षी तुम्हांला दिसेल. हा वटवट्या. पण आपल्या शेतांत वटवट्याच्या दोन जाती शेजारी-शेजारी राहतात : राखी वटवट्या आणि साधा वटवट्या. दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करणारे लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३२ साली या दोन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन केले.

दोघांची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आणि दोघांचेही मुख्य अन्न किडे. राखी वटवट्याची पाठ राखाडी व पोट तांबूस असते. साध्याची पाठ मातकट, पोट फिकट आणि डोळ्यावर फिकट भुवई असते. पुस्तकातील चित्रात हा फरक सोपा वाटतो; परंतु पानांच्या सावलीत क्षणभर दिसलेला रंग फसवतो.

अशा वेळी कान उपयोगी पडतात. राखी वटवट्या 'जिमी-जिमी-जिमी' असे घोळवतो आणि दचकून उडताना 'कट्-कट्' असा आवाज होतो. साध्याचे गाणे किड्याच्या किरकिरीसारखे, लांबलचक असते.

आवाजाला एवढे महत्त्व का? कारण अनेक पक्षी आपल्या जातीचा जोडीदार आवाजावरून ओळखतात. अमेरिकेतील 'ट्रेलचा माशीमार' पूर्वी एकच जात मानली जाई. त्याची गाणी दोन प्रकारची असल्याचे आढळले आणि १९७३ साली तिच्या 'विलो' व 'आल्डर' अशा दोन जाती मानण्यात आल्या. यांतील आल्डर माशीमार हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतो. हे दोघे नुसत्या रूपावरून ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते.

तिसरी खूण घरट्याची. राखी वटवट्या बहुधा शिंपी पक्ष्याप्रमाणे पाने शिवतो. त्याची अंडी विटेसारखी लाल व चकचकीत असतात. साधा वटवट्या गवताच्या पट्ट्यांची पिशवी विणतो. त्याची अंडी निळसर-हिरवी, तपकिरी डागांची असतात. मात्र अंडी पाहण्यासाठी घरट्याजवळ जाऊ नका. त्रास झाल्यास पक्षी घरटे सोडून देतात.

वहीत नुसते 'वटवट्या' लिहिले आणि उद्या यांतील एक जात कमी झाली, तर ते कोणाच्याही ध्यानात येणार नाही. म्हणून आठवडाभर रोज सकाळी भुवई, आवाज आणि जागा अशा तीन रकान्यांत नोंद करा. दोन रकाने जुळल्याशिवाय नाव मात्र लिहू नका.